लेखनिकाचा अंगठा

माझ्या रिटर्नवर सही माझी असायची, पण ते तपासायची माझी बायको. सीएच्या ऑफिसातून कागद आले की दुपारची झाकपाक करून ती टेबलाशी बसायची, पेन्सिलीला टोक काढायची आणि एकेक आकडा पावत्यांच्या फाईलशी ताडून बघायची. जुळला की त्याच्याखाली एक बारीक ठिपका. सगळ्या आकड्यांखाली ठिपके पडले की कागद माझ्याकडं सरकवून म्हणायची, "अहो, करा आता सही." मी करायचो. वर काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नाही.

ती श्रावणात गेली. भर दुपारी दळणाचा डबा घेऊन निघाली, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली आणि परत उठली नाही. पुढच्या वर्षी रिटर्नचे कागद आले, ते चार दिवस टेबलावर तसेच पडून होते. मुदत संपायला आठवडा राहिला तेव्हा मी ते उघडले. आकडे सगळे टाईप केलेले, स्वच्छ. पण खाली ठिपके नसल्यामुळं मला ते कागद दुसऱ्या कुणाचे तरी वाटले. तिची पेन्सिल डब्यात होती. टोकाला तिच्या दाताच्या खुणा होत्या. ती घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचा हिशेब तपासायला बसलो.

माझा धंदा सांगायला हवा. जुने उर्दू आणि फारसी कागद मराठीत उतरवून देणं, हे माझं काम. हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी तिसरीत होतो. त्याआधी शाळेत अलिफ-बे घोटून घेतलेलं, त्यानंतर सगळा जोर मराठीवर आला. वर्गातली बाकीची पोरं पहिलं विसरली. माझ्या डोक्यात दोन्ही राहिलं. पुढं मी जमिनीच्या जुन्या दप्तरात कारकून म्हणून लागलो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं मला रकम शिकवली. जुन्या दस्तांत आकडे एक, दोन, तीन असे लिहिलेले नसतात. अरबी शब्द मोडून केलेल्या खुणा असतात, त्यांना रकम म्हणतात. उर्दू वाचणारे शहरात शेकड्यानं मिळतील. रकम वाचणारे तेव्हाही बोटावर मोजण्याइतके होते. म्हणून नोकरी सोडून मी घरीच काम सुरू केलं. कन्नडपासून अजिंठ्यापर्यंतची माणसं जुन्या कागदांचे बस्ते छातीशी धरून यायची. लोक मला मुन्शी म्हणायचे. माझी सही आणि शिक्का असलेला तर्जुमा, म्हणजे भाषांतर, कोर्टात चालायचा.

तर त्या दुपारी मी तपासत होतो. झेरॉक्स, टायपिंग, टेलिफोन, रिक्षाभाडं, सगळं फाईलीतल्या पावत्यांशी जुळलं. मी तिच्यासारखेच ठिपके देत खाली उतरत होतो आणि एका ओळीशी थांबलो. "लेखनिक मानधन, सहा हजार."

माझ्याकडं लेखनिक कधीच नव्हता. माझं अक्षर टायपिस्टला लागत नसे, म्हणून माझा मजकूर बायको स्वच्छ लिहून काढायची. म्हणजे लेखनिक तीच. सीएनं तिच्या नावानं मानधन दाखवलं असणार, असं मला वाटलं. पण मग सहा हजार कसे? महिन्याला पाचशे धरले तर हे बारा महिन्यांचे झाले. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू झालं, ती श्रावणात गेली, आणि कागदावर ती मार्चअखेरपर्यंत दर महिन्याला लिहितच होती.

मी खुर्चीत मागं सरकलो. स्वयंपाकघराच्या दाराकडं पाठ होती, ती मला नकोशी झाली. उठून खुर्ची फिरवून घेतली. मग कपाटातून मागच्या वर्षांच्या प्रती काढल्या. सहा वर्षं ती ओळ होती. सहाही वर्षं आकडा तोच, आणि पहिली पाच वर्षं त्याच्याखाली तिचा ठिपका. सहाव्या वर्षीच्या, म्हणजे माझ्या समोरच्या कागदावर ठिपका नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगपुऱ्यात सीएच्या ऑफिसात गेलो. पस्तिशीचा माणूस, मला काका म्हणायचा. मुदतीचे दिवस, टेबलावर फायलींचा ढीग.

"काका, तुम्ही कशाला आलात? माणूस पाठवला असता."

"ही ओळ कुणाची?" मी बोट ठेवलं.

त्यानं चष्मा वर केला. "लेखनिक. काकू दर वर्षी द्यायच्या त्याची व्हाउचरं."

"काकू श्रावणात वारल्या."

"हो, माहितीय काका." तो ओशाळला. "या वर्षी चारच व्हाउचरं आली होती. एप्रिल ते जुलै. मला वाटलं, बाकीची राहिली असतील गडबडीत. मी मागच्या वर्षीवरून आकडा पुढं ओढला. चार हजाराचा तर फरक आहे."

"काकू स्वतःलाच पैसे देत होत्या का?"

"नाही, नाही. दुसरी कुणी बाई आहे." त्यानं फाईल शोधली, चार चिटोऱ्या काढून माझ्यापुढं ठेवल्या.

चारही बायकोच्या अक्षरात. "लेखनिक मानधन रुपये पाचशे रोख मिळाले." खाली एका बाईचं नाव, आणि सहीच्या जागी जांभळ्या शाईतला अंगठा. "निशाणी डावा अंगठा," असं शेजारी लिहिलेलं.

"लेखनिक, आणि अंगठा?" मी म्हणालो.

तो हसला. "मीपण एकदा काकूंना विचारलं होतं. म्हटलं, हिला लिहिता येत नाही तर ही लिहिते काय? काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा आपल्याच धंद्याचा खर्च आहे, लिही."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला काळजी वाटत असेल तर उरलेली आठ करून टाकू, काका. अंगठाच तर आहे. कुणाचाही चालतो."

त्याच्या टेबलावर शाईचं पॅड उघडंच होतं. तो वाईट माणूस नव्हता. दिवसातून दहा जणांना असं सांगत असेल. पण मी व्हाउचरवरचं नाव वाचलं होतं. ते नाव मी ओळखत होतो. इथं लिहीत नाही.

"आकडा दोन हजार कर," मी म्हणालो. "जे दिलं तेवढंच."

त्यानं नवा कागद काढून दिला. मी तिथंच बसून पुन्हा पहिल्यापासून बेरीज केली, सही केली आणि ती चार व्हाउचरं झेरॉक्स करून खिशात घालून निघालो.

ती बाई दौलताबादची. आमच्या व्यवहाराला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. तिचा नवरा तरणाच वारला होता. त्याला त्याच्या चुलत्यानं पोलीस ॲक्शनच्या आधी थोडी जमीन बक्षीस दिलेली. त्याचा दस्त, हिबानामा म्हणतात तो, तिच्याकडं होता. बाकीचे कागद त्या वेळच्या पळापळीत गेले. चुलत्याच्या मुलांनी उरलेली जमीन शेजाऱ्याला विकली आणि ते हैदराबादला निघून गेले. पुढं शेजारी म्हणायला लागला, तुमची सातच एकर, विहिरीकडची दोन एकर आमच्या खरेदीत आली. भांडण कोर्टात गेलं. सगळा निकाल त्या एका दस्तावर येऊन थांबला, आणि तिच्या वकिलानं दस्त माझ्याकडं पाठवला. माझी फी तिनंच दिली होती. घडी पडलेल्या नोटा, रुमालातून सोडून.

मी सात एकर लिहिलं. तिच्याच बाजूनं आलेला तर्जुमा, त्यावर तिच्या वकिलाला बोलायला जागा राहिली नाही. विहिरीसकट दोन एकर गेली.

निकालानंतर ती एकटी आमच्या घरी आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "मुन्शीसाब, येक डाव परत बघा. आमच्यात समदे नऊच म्हणतेत. माझा सासरा नऊ म्हणायचा."

मी जेवायला बसलो होतो. म्हणालो, "लोक काय म्हणतात ते मी लिहीत नाही, बाई. कागद म्हणतो ते लिहितो."

"येकदाच बघा."

"बघूनच लिहिलंय."

बायकोनं तिला पाणी दिलं. ती पाणी न पिता तांब्या उंबऱ्यावर ठेवून गेली. मी जेवण संपवलं. एवढंच. दहा वर्षांत ती मला दोनदा आठवली असेल.

सीएकडून घरी आलो आणि जुन्या कामांच्या झेरॉक्स प्रतींचे गठ्ठे काढले. वर्षवार बांधलेले, तिनंच बांधलेले. ज्या गठ्ठ्यात हवा होता त्याची दोरी नव्यानं बांधलेली दिसत होती. हिबानाम्याची प्रत सर्वांत वर होती. मी ती खिडकीशी नेली, भिंग घेतलं.

रकमेत सात आणि नऊ ही सख्खी भावंडं आहेत. उजवीकडून वाचत आलं तर सातात आधी लांब ओढ, म्हणजे आडवी रेघ, येते आणि मग एक दात, म्हणजे वर आलेलं टोक. नवात आधी दात आणि मग ओढ. लिहिणारा घाईचा असला की दात ओढीत विरघळतो. या दस्तात नेमकी तिथं कागदाची घडी होती, काळी रेघ आलेली. घडीच्या डाव्या बाजूला खरचटल्यासारखं एक टोक होतं, ते मी दात धरलं होतं. उजव्या बाजूला, घडीच्या रेघेला लागून, दुसरं टोक होतं. ते मला तेव्हा दिसलं नव्हतं, की दिसून मी शाईचा डाग समजलो होतो, हे आता आठवत नाही. त्याच दस्तात खाली, फीच्या रकमेत, त्याच हाताचा एक स्वच्छ नऊ होता. मी भिंग एकावरून दुसऱ्यावर नेलं. दात उजवीकडं. नऊ.

आणि दोन्ही नवांच्या खाली पेन्सिलीचे ठिपके होते.

मी कितीतरी वेळ ते ठिपके बघत राहिलो. मग एक दुपार आठवली. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी तिला रकम शिकवायला घेतली होती. ऑपरेशन होईपर्यंत हातभार लागावा म्हणून. हुशार होती, महिन्याभरात वाचायला लागली. सरावाला म्हणून जुने गठ्ठे सोडून बसायची. एकदा मी डोळ्यांत थेंब घालून पडलो होतो. ती म्हणाली, "अहो, हे सात का नऊ?" कागद माझ्या तोंडापुढं धरला. मी डोळे न उघडताच म्हणालो, "सात." तिनं पुन्हा विचारलं नाही. कागद घडी करून ठेवल्याचा आवाज मला आला होता. तो आवाज आत्ता, खिडकीशी उभं असताना, मागच्या खोलीतून यावा तसा आला. मी वळून बघितलं. पडदा होता.

चार हजार रुपये पाकिटात घालून मी दौलताबादची बस धरली. हिशेब साधा होता. मार्चअखेरपर्यंतचे आठ महिने दिले गेले नव्हते, ते देऊन यावेत. त्यापुढं काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. मिटमिट्यापर्यंत बसायला जागा मिळाली नाही. खिडकीतून किल्ला दिसायला लागला. हीच बस बायको दर महिन्याला पकडत होती. मला काय सांगून जायची? बहिणीकडं, भजनाला, बाजारात. मी कधी कान दिला नव्हता.

बाईचं घर गावाच्या कडेला होतं. पुढं पत्र्याचा आडोसा, त्याखाली ती पेरूच्या पाट्या लावत बसली होती. केस पांढरे झालेले. मला बघून उठली नाही.

"या, मुन्शीसाब. लई दिवस लावले."

मी पाटीशेजारच्या बाजेवर बसलो. "तुम्हाला कळलं असेल..."

"कळलं. दोन म्हैने भाभी आल्या नाय, तवा मीच शहरात आले. तुमच्या दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं." तेव्हा मी पुण्याला मुलीकडं होतो. ती पुढं म्हणाली, "जिन्यातच बसून ऱ्हायले थोडं. मंग आले परत."

कुठल्या पायरीवर, असं मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

"ती तुमच्याकडं का येत होती?" मी म्हणालो. मला माहीत होतं, तरी.

"पयल्यांदा आल्या तवा मी आत घेतलं नाय. उन्हात उभ्या ऱ्हायल्या. म्हणल्या, ते सात नाय, नऊ हाय, मी पायलंय. मी म्हणलं, मंग कोर्टात सांगा. म्हणल्या, माझी सही चालत नाय, त्यांची चालते. मी म्हणलं, मंग त्यांना सांगा." तिनं हातातला पेरू पाटीत ठेवला. "मंग म्हणल्या, त्यांना सांगितलं तर ते परत कोणताच कागद वाचायचे नाहीत."

मला राग आला. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी राग आला. मला न विचारता तिनं ठरवलं होतं की मला हे सोसणार नाही. माझी झोप सांभाळायला तिनं या बाईची विहीर बुडू दिली होती. आणि लगेच जाणवलं की ती चुकली नव्हती. मी खरंच डोळे मिटून सात म्हणालो होतो.

"पैशे मी सात-आठ डाव परत केले," बाई म्हणाली. "मंग पोरीला टायफाइड झाला, तवा घेतले. त्याच म्हणल्या, अंगठा द्या. मी म्हणलं, कशाला? म्हणल्या, कागद ऱ्हायला पायजे. कुणी तरी वाचंल."

"तिनं असं म्हटलं? कुणी तरी वाचेल?"

"व्हय."

मी पाकीट काढून पुढं केलं. "आठ महिन्यांचे आहेत."

तिनं हात लावला नाही. "ते तिचं हुतं. ती यायची, बसायची, चहा प्यायची. तिला मी माफ केलं नाय, तिलाबी म्हाईत हुतं. तरी यायची. ते तिचं तिच्यासंगं गेलं. तुमचं येगळं हाय."

"माझं काय आहे?"

"तुम्ही ल्ह्या."

मी परत आलो आणि लिहिलं. एका पानाचं प्रतिज्ञापत्र. अमुक दस्ताचा तर्जुमा मी केला, त्यात नऊ एकराऐवजी सात एकर असं वाचलं, ती चूक माझी. ज्या वकिलाकडं गेलो तो म्हणाला, "मुन्शीजी, मुदत कधीच संपली. याचा तिला उपयोग नाही, आणि तुमचा धंदा बसेल. उद्या प्रत्येक हरलेला माणूस तुमच्या दारात येईल."

"येऊ द्या."

अर्ज केला. फेटाळला गेला. वकिलानं सांगितलं होतं तसंच झालं. धंदाही बसला, महिन्याभरात बार रूममध्ये बातमी फिरली आणि बस्ते येईनासे झाले.

फेटाळल्याचा कागद आणि माझं प्रतिज्ञापत्र घेऊन मी पुन्हा दौलताबादला गेलो. तिनं दोन्ही हातांत घेतले, उलटेसुलटे केले. "वाचून दावा," म्हणाली. मी वाचायला लागलो तर तिनं हातानं थांबवलं.

"हितं नाय. चला."

ती मला शेजाऱ्याच्या घरी घेऊन गेली. मधून ते शेत लागलं. विहिरीवर मोटर चालू होती. शेजारी म्हातारा ओसरीवर पडलेला, एका अंगानं लुळा झालेला. मला बघून त्याला वाटलं, मोजणीवाले आले. सुनेनं त्याला उठवून उशीला टेकवलं.

"हे मुन्शीसाब," बाई त्याला म्हणाली. "ह्यांनी कागद आणलाय. ऐका."

मी उभ्यानं वाचलं. आयुष्यभर मी लोकांचे कागद वाचले, आवाज कधी हलला नाही. त्या दिवशी "ती चूक माझी आहे" या शब्दांवर मी अडलो आणि पुन्हा पहिल्यापासून वाक्य घ्यावं लागलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. त्याचा चांगला डोळा माझ्यावर होता.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. जीभ जड होती, पण शब्द कळला. "चुलत्यानं नऊच दिली हुती. मी पोरगा हुतो, दोरी धरली हुती मोजायला."

सून हातातलं काम सोडून त्याच्याकडं बघत राहिली.

"मंग आता काय करू म्हणता?" तो म्हणाला. "पोरांनी वाटून घेतली. माझ्या नावावर काय नाय."

"काय नको," बाई म्हणाली. "तुम्ही ऐकलं, सुनेनं ऐकलं. बास."

सुनेनं आत जाऊन पाण्याचे दोन पेले आणले. बाईनं आपला पेला हातात धरला, थोडा वेळ त्यात बघितलं आणि सगळं पाणी पिऊन पेला ओसरीवर उपडा ठेवला. मी माझा पेला भरलेलाच खाली ठेवला. बसच्या थांब्यावर मी तिला म्हणालो, "मला माफ करा." ती म्हणाली, "बस आली तुमची."

त्यानंतर मी तिला एकदाच भेटलो, तिच्या मुलीच्या लग्नात. बोलावणं आलं म्हणून गेलो. तिनं मला बायकांच्या बाजूला नेऊन मुलीला सांगितलं, "हे भाभीचे मालक." मुलगी वाकून नमस्कार करून गेली. दोन वर्षांनी बाई वारल्याचं कळलं. जमीन शेजाऱ्याच्या नातवंडांकडं आहे. मध्यंतरी तिथं प्लॉट पडणार होते, विहीर बुजवली असं कुणी तरी म्हणालं. मी बघायला गेलो नाही.

धंदा बसल्यावर वेळच वेळ होता. दुपारी मी एकेक गठ्ठा सोडतो. तीसएक वर्षांचं काम, प्रत्येक दस्ताची प्रत आहे. सात दिसला की भिंग घेतो, नऊ दिसला की भिंग घेतो. ज्या खोलीत मी बसतो तिथं बाहेरचा आवाज येत नाही. कागदाच्या घडीचा येतो, आणि तो दर वेळी माझ्याच हातातल्या कागदाचा असतो असं नाही. पहिल्या पहिल्यांदा मी उठून बघायचो.

पहिल्या वर्षी काही सापडलं नाही आणि मला वाटलं, ती एकच चूक होती. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात अजिंठ्याकडचा एक वाटणीचा कागद निघाला. दोन भावांची वाटणी, धाकट्याचा हिस्सा मी सात लिहिला आहे. कागदावर घडी नाही, डाग नाही, अक्षर स्वच्छ आहे, डोळे तेव्हा चांगले होते. तो नऊ आहे. या पानावर कुणाचाही ठिपका नव्हता. इथपर्यंत ती पोचली नव्हती.

मी धाकट्याच्या गावी पत्र टाकलं. पत्ता अपुरा म्हणून परत आलं. मग स्वतः गेलो. बाजारातल्या एका दुकानदारानं सांगितलं, ते घर उठून गेलं, जळगावकडं कुठं तरी मुलं आहेत. त्यानं विचारलं, "काय काम होतं?" मी म्हणालो, "एक आकडा सांगायचा होता." त्यानं मुलांची चौकशी करून कळवतो म्हटलं आहे. त्याला माझा नंबर दिला आहे.